लेंकराविषयीं खरी साक्ष

आईस तिच्या मुलाविषयीं कोणी कांहीं विचारलें असतां तिनें खरें तेंच सांगावें, यांत वाद घालण्याजोगें काय आहे, असें वाचकांपैकीं कित्येक म्हणतील. ती मुलास रात्रंदिवस पाहते. तिला ठाऊक नसेल तर कोणास असेल? परंतु ज्या कोणीं अंगणवाडीच्या ओटीवर बसून एखाद्या आईच्या वतीनें मुलाच्या वाढीचा कागद भरला आहे, त्यास हें माहीत आहे कीं, मुलाचें नांव, आईचें नांव, गांव व वजन येथपर्यंत लेखणी भराभर चालते, आणि मग एका ठिकाणीं अडते. “बाळाला एखादी वस्तु आवडली तर तें ती बोटानें तुम्हांस दाखवितें का?” आई मुलाकडे पाहते, मग सासूकडे पाहते, मग प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या तोंडाकडे पाहते, आणि म्हणते, “होय, दाखवितें कीं!”

तें “होय” खरें असतें काय? नसेल तर त्यास असत्य म्हणावें काय? मायेपोटीं बोललेल्या असत्याचा दोष लागतो काय, आणि लागत असेल तर तो बोलणारीच्या माथीं कीं लिहिणाऱ्याच्या? या प्रश्नांचा आज आम्ही वाचकांबरोबर थोडा विचार करूं इच्छितों. कारण आमच्या खेडेगांवच्या मंडळ्यांत लिहितां-वाचतां येणारा मनुष्य म्हणून हा कागद पुष्कळ वेळां उपदेशकाच्या किंवा शिक्षकाच्याच हातीं येतो.

प्रथम हे कागद काय आहेत तें सांगतों. जगांत फार चाललेली एक प्रश्नावली अमेरिकेंतील ओरेगॉन विद्यापीठांत जेन स्क्वायर्स व डायान ब्रिकर या विदुषींनीं तयार केली. ती १९९५ सालीं प्रथम छापून निघाली आणि २००९ सालीं तिची तिसरी आवृत्ति झाली. तिच्या इंग्रजी नांवाचा अर्थ “वयें आणि टप्पे” असा आहे. एक महिन्याच्या तान्ह्यापासून साडेपांच वर्षांच्या मुलापर्यंत तींत २१ निरनिराळ्या प्रश्नावल्या आहेत, व प्रत्येकींत ३० प्रश्न आहेत: सहा बोलण्या-समजण्याचे, सहा बसणें-चालणें-धांवणें यांचे, सहा बोटांच्या बारीक कामांचे, सहा लहानसहान अडचण सोडविण्याचे, आणि सहा स्वतःचें स्वतः करण्याचे व माणसांत मिसळण्याचे. उत्तरें तीन: “होय”, “कधीं कधीं” आणि “अजून नाहीं”. पहिल्यास १० गुण, दुसऱ्यास ५, तिसऱ्यास शून्य. म्हणजे एका अंगास अधिकांत अधिक ६०. नुसतें “नाहीं” असें उत्तर त्या कागदावर छापलेलेंच नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

दुसरी प्रश्नावली “एम-चॅट” या नांवानें ओळखिली जाते. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांकरितां असून तींत स्वमग्नतेचीं पूर्वचिन्हें पाहण्यासाठीं २० प्रश्न आहेत. आमच्या देशांतही अशीं साधनें झालीं. बडोद्यास डॉ. प्रमिला फाटक यांनीं भारतीय अर्भकांकरितां मापनश्रेणी बसविली. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रानें दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं अवघ्या १७ टप्प्यांचा तक्ता केला व तो १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. गरोदर बाईस जें माता व बाल संरक्षण कार्ड मिळतें, त्यांतही मुलाच्या वाढीचे टप्पे पाहण्याची सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारींत आमच्याच महाराष्ट्रांत पालघर येथें सुरू झाला; त्याच्या पथकानें वर्षांतून दोन वेळां अंगणवाडींत येऊन मुलें तपासावीं असा नियम आहे. तेव्हां हा कागद आतां शहरांतील धनिकांचा राहिला नाहीं.

आईसच कां विचारावें? याचें कारण साधें आहे. डॉक्टर मुलास दहा मिनिटें पाहतो, आणि त्या दहा मिनिटांत मूल बहुधा रडत असतें किंवा पदरांत तोंड लपवून बसतें. घरीं जें मूल भाकरीचा तुकडा कुत्र्यास दाखवून परत ओढून घेतें व खदखदां हंसतें, तेंच परक्यापुढें दगडासारखें होतें. म्हणून या प्रश्नावल्या करणाऱ्यांनीं आईस साक्षीदार केलें. साक्षीदार केलें, न्यायाधीश नव्हे. हा भेद आमच्या आयांस कोणी समजावून सांगत नाहीं, आणि आमच्या मतें निम्मा घोटाळा येथेंच होतो. प्रश्न कानीं पडतांच आईस वाटतें कीं, आपल्या लेंकराचा निकाल आपल्याच तोंडून वदवून घेत आहेत. मग ती त्याच्या बाजूनें निकाल देते. साक्षीदाराचें काम मात्र जें डोळ्यांनीं पाहिलें व कानांनीं ऐकिलें तेवढें सांगण्याचें असतें. त्यावरून पुढें काय ठरतें तें ठरविणारे दुसरे आहेत.

एम-चॅटच्या आरंभीं एक सूचना आहे, ती आम्हांस फार मोलाची वाटते. तिचा भाव असा कीं, मुलानें एखादी गोष्ट दोन-चार वेळां केलेली तुम्ही पाहिली असेल, पण तें ती नेहमीं करीत नसेल, तर “नाहीं” असें लिहा. आईच्या मनास ही सूचना कठोर वाटते. दिवाळीच्या दिवशीं त्यानें मामास टाटा केला होता. तो तिनें पाहिला, तो खरा होता, आणि तो तिच्या मनांत जपून ठेवलेला आहे. मग “नाहीं” कसें म्हणावें? पण विचारणारा त्या एका दिवसाविषयीं विचारीत नाहीं. तो रोजच्या चालीविषयीं विचारतो. ज्या बाईनें मामाचा टाटा आठवून “होय” म्हटलें, तिनें खोटी गोष्ट सांगितली नाहीं, तरी तिच्या उत्तरानें खोटी समजूत झाली. असत्य पुष्कळ वेळां असेंच येतें. त्याच्या एकेक विटेस हात लावून पाहिलें तर वीट खरी असते.

दुसऱ्या कित्येक वेळां “होय” याचा अर्थ “होईल” असा असतो. आई आशा सांगते आणि कागद तिला घडलेली गोष्ट समजतो. आशेस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु शेतकऱ्यानें पेरलेलें बीं उगवेल अशी आशा धरावी आणि तलाठ्यास मात्र आज किती उगवलें तेंच सांगावें, हें आमच्या गांवांत कोणासही शिकवावें लागत नाहीं. बैल लंगडतो हें जनावरांच्या डॉक्टरास सांगण्यांत कोणास लाज वाटते? उलट कोणत्या पायानें लंगडतो, केव्हांपासून, चढावर कीं उतारावर, हें मनुष्य न विचारतां सांगतो. आमचा बैल लंगडत नाहीं असें म्हणणाऱ्यास सगळें गांव वेडा म्हणेल. लेंकराच्या बाबतींत मात्र आम्हीं लाजेस आडवें येऊं दिलें आहे, आणि त्या लाजेस माया असें नांव दिलें आहे.

येथें घरांतील वडील माणसें बहुधा एक वाक्य बोलतात: “त्याचा बापही उशीराच बोलला.” या वाक्यास आम्ही हंसत नाहीं, कारण त्यांत तथ्य आहे. सर्व मुलें एका घटकेस चालूं लागत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें भारत, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पांच देशांतील निरोगी मुलें नीट पाहून २००६ सालीं जें प्रसिद्ध केलें, त्यावरून आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला आहे. शेजारणीचा मुलगा नवव्या महिन्यांत चालला आणि आपला सोळाव्यांत, तर दोघेही निरोगी असूं शकतात. शंभरांत सुमारें चार मुलें तर हातांगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. ज्या सासूबाई धीर धरावयास सांगतात त्या नेहमींच अडाणी असतात असें नव्हे. परंतु त्या काळास शेवटही आहे. १७.६ महिन्यांनंतरही जें मूल एकटें चालत नाहीं, त्यास बापाचा दाखला देऊन घरीं बसविणें हा धीर नव्हे. आणि बाप खरोखर उशीरा बोलला असेल, तर तो कां उशीरा बोलला, हें तरी त्या वेळीं कोणीं पाहिलें होतें?

आतां आमच्या स्वतःच्या एका चुकीची हकीकत सांगणें आम्हांस प्राप्त आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं शेजारच्या वस्तींत आरोग्यपथक यावयाचें होतें. आदल्या दिवशीं एका बाईच्या मुलीचा कागद आम्हींच भरला. मुलगी दीड वर्षाची, गोरीगोमटी, आमच्याकडे टक लावून पाहणारी. “हांक मारली कीं वळते का?” असें आम्ही विचारलें. आई म्हणाली, “टाळी वाजविली कीं वळते.” आम्ही “होय” लिहिलें. प्रश्न हांकेचा होता, टाळीचा नव्हता. “दोन-तीन शब्द बोलते का?” यावर आई थांबली. तिनें पदराचें टोंक बोटाभोंवतीं गुंडाळलें. आम्हांस दुसऱ्या गांवीं संध्याकाळच्या सभेस जावयाचें होतें व दिवस कलला होता. आम्हींच म्हणालों, “आई-बाबा तरी म्हणत असेलच कीं!” ती म्हणाली, “हो, म्हणत असेल.” तें “असेल” आम्ही ऐकिलें, आणि कागदावर “होय” लिहिलें.

ती मुलगी चार वर्षांची होईपर्यंत तिला ऐकूं येत नाहीं हें कोणाच्याही लक्षांत आलें नाहीं. पुढें तज्ज्ञांकडून आम्हांस असें कळलें कीं, बहिरें तान्हें मूलही आरंभीं इतरांसारखेच हुंकार देतें, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. टाळी वाजवितांना हात हालतो, सांवली हालते, वारा गालास लागतो. ताट पडलें तर जमिनीस हादरा बसतो. तेवढ्यानें मूल वळतें. कानांचें काम डोळे व कातडी करीत असतात. म्हणूनच तर त्या लेंकराची नजर तशी टक लावलेली होती! बहिरेपणाविषयीं जाणत्यांचा नियम असा आहे कीं, पहिल्या महिन्यांत कानांची पडताळणी व्हावी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावें, आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू व्हावा. कारण भाषा शिकण्यास मेंदू जितका आरंभीं मोकळा असतो तितका पुढें राहत नाहीं. आमच्या हातून दीड वर्षाच्या वयीं जी संधि होती ती गेली. मुलीस आतां यंत्र मिळालें आहे, ती शब्द शिकत आहे, परंतु तीं मधलीं अडीच वर्षें तिला कोणी परत आणून देणार नाहीं.

आईनें आम्हांस दोष दिला नाहीं, कारण त्या कागदावर आम्हीं काय लिहिलें हें तिला ठाऊकच नव्हतें. पुष्कळ दिवस आम्हींही सांगितलें नाहीं. शेवटीं सांगितलें. ती म्हणाली, “भाऊ, मला मनांतून वाटत होतें, पण कोणीं विचारलें नाहीं.” विचारलें तर होतें, परंतु उत्तर तिच्या ओठांवर येण्याच्या आधींच आम्हीं तें देऊन टाकिलें होतें.

एम-चॅटमधील दुसराच प्रश्न असा आहे कीं, मूल बहिरें असेल अशी शंका तुम्हांस कधीं आली काय. त्या प्रश्नावलींत बहुतेक ठिकाणीं “नाहीं” हें काळजीचें उत्तर आहे. परंतु या ठिकाणीं, आणि आणखी दोन ठिकाणीं, “होय” हें काळजीचें आहे. त्यामुळें एक मौज होते. जो मनुष्य न वाचतां सगळीकडे “होय” लिहितो, त्याच्या मुलाचे बरोबर तीन गुण होतात, आणि तीन गुणांपासूनच पुढची चौकशी सुरू होते. ज्याला सगळें ठीक दाखवावयाचें होतें तोच असा पकडला जातो! पण सर्वच कागदांवर अशी सोय नसते, व ती असली तरी तिच्यावर विसंबणें हा कांहीं सत्याचा मार्ग नव्हे.

येथपर्यंत वाचून कोणी आई म्हणेल, “तुमचें म्हणणें खरें, पण मला भीति वाटते तिचें काय?” ही भीति निराधार आहे असें सांगणारा मनुष्य इतिहास जाणत नाहीं. मुलांची बुद्धि मापण्याची पहिली चांगली श्रेणी फ्रान्सांत आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनीं १९०५ सालीं केली. तिचा हेतु एवढाच होता कीं, शाळेंत कोणत्या मुलांस अधिक साहाय्य लागेल तें समजावें. बुद्धि ही जन्माची ठरलेली व कधींही न बदलणारी वस्तु आहे, हें मत बिने यास मुळींच मान्य नव्हतें. तीच श्रेणी १९०८ सालीं हेन्री गॉडर्ड यानें अमेरिकेंत नेली, आणि तेथें ती माणसांवर “मंदबुद्धि” असा शिक्का मारून त्यांस समाजांतून वेगळें काढण्याच्या कामीं आली.

त्याच काळांत व्हर्जिनिया प्रांतांत कॅरी बक नांवाच्या एका गरीब तरुणीस मंदबुद्धि ठरवून तिला पुन्हां मूल होऊं नये म्हणून शस्त्रक्रिया करावी, असा खटला चालला. तिच्या आईसही तसेंच ठरविलें होतें. आतां तिसरी पिढीही तशीच आहे हें दाखवावयाचें होतें, आणि तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. १९२४ च्या नोव्हेंबरांत साक्षी झाल्या तेव्हां ती पुरती आठ महिन्यांचीही नव्हती. एका समाजसेविकेनें साक्ष दिली कीं, त्या मुलीकडे पाहून ती नीटशी वाटत नाहीं. काय नीट नाहीं तें मात्र तिला सांगतां आलें नाहीं. १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक अशा मतांनीं तो कायदा उचलून धरला, आणि कॅरी बक हिजवर शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन पुढें शाळेंत गेली. १९३१ सालीं तिचें नांव हुशार विद्यार्थ्यांच्या यादींत होतें. पुढल्याच वर्षीं, आठ वर्षांची असतां, ती आजारानें वारली.

आम्हीं त्या दीड वर्षाच्या मुलीविषयीं खोटें “होय” लिहिलें. त्या बाईनें आठ महिन्यांच्या मुलीविषयीं खोटें “नाहीं” सांगितलें. दोघांनींही मूल पाहिलें नाहीं. आम्हांस घाई होती, तिला अगोदरच ठरलेलें मत होतें. आणि मूल दोन्ही वेळां समोरच होतें.

म्हणून आईनें खरें सांगावें एवढें म्हणून भागत नाहीं. विचारणाऱ्याकडेही कांहीं देणें लागतें. हा कागद कशासाठीं आहे, तो कोणाजवळ राहील, उत्तर काळजीचें आलें तर पुढें मुलासाठीं काय होईल, हें आईनें विचारावें, आणि विचारण्यांत तिनें कोणाचा अपमान केला असें समजूं नये. जो या तीन गोष्टी सांगूं शकत नाहीं, त्यानें तिच्या लेंकराविषयीं तिच्याकडून साक्ष मागणें योग्य आहे काय, याची आम्हांस शंका वाटते. आणि “अजून नाहीं” या दोन शब्दांकडे तिचें लक्ष वेधावें. ते शब्द लिहिणाऱ्या विदुषींनीं जाणूनबुजून लिहिले असावेत असें आम्हांस वाटतें. “नाहीं” म्हणतांना जी जीभ अडखळते ती “अजून नाहीं” म्हणतांना तितकी अडखळत नाहीं, आणि आजच्यापुरतें तें उत्तर अक्षरशः खरें असतें.

आतां दुसऱ्याच्या वतीनें लिहिणाऱ्या आमच्या बांधवांस दोन शब्द. प्रश्न छापील भाषेंत वाचूं नये. वस्तीवरच्या बोलींत विचारावा, परंतु त्याचा अर्थ बदलूं नये. विचारून झाल्यावर गप्प बसावें. हें गप्प बसणें आम्हां बोलण्याची संवय असलेल्या लोकांस फार जड जातें, हें आम्ही जाणतों. आईनें आठवून सांगण्यापेक्षां मुलाकडून तेथेंच करवून पाहावें हें बरें. वर सांगितलेल्या ओरेगॉनच्या प्रश्नावलींत तर तशी सूचनाच आहे कीं, एकेक गोष्ट मुलाबरोबर खेळ म्हणून करून पाहावी, आणि तेंही मूल जेवलेलें व झोंप झालेलें असतांना. उपाशी, पेंगुळलेल्या मुलाची परीक्षा घेऊन त्यास नापास करणें यांत कोणता पुरुषार्थ?

कांहीं प्रश्न आमच्या घरांस बसतच नाहींत. मूल जिना चढतें काय? ज्या घरास जिनाच नाहीं तेथें त्याचें उत्तर “होय”ही नाहीं आणि “अजून नाहीं”ही नाहीं. ठोकळ्यांवर ठोकळे रचतें काय? त्यानें ठोकळे कधीं पाहिलेच नसतील. तर काड्यापेटीच्या रिकाम्या पेट्या देऊन पाहावें. तेंही होण्याजोगें नसेल तर जागा मोकळी सोडावी व बाजूस कारण लिहावें. ओरेगॉनच्या प्रश्नावलींत एका अंगांतील दोनपर्यंत प्रश्न मोकळे राहिले तरी गुणांचा हिशेब बसविण्याची रीत दिलेली आहे. मोकळी जागा खोटी भरण्यापेक्षां मोकळी राहिलेली बरी.

जन्मतारखेविषयीं तर विशेष जपावें. आमच्याकडे किती लोकांचा वाढदिवस १ जून आहे हें सर्वांस ठाऊक आहे. शाळेंत नांव घालतांना मास्तरांनीं जी तारीख लिहिली ती जन्मभर चालते, आणि आम्ही त्यावर हंसून सोडून देतों. येथें तसें सोडून चालत नाहीं. दहा महिन्यांच्या मुलास बारा महिन्यांचें मानून विचारलें तर तें उगीच मागें पडलेलें दिसेल, आणि चौदा महिन्यांच्या मुलास बारांचें मानलें तर खरी उणीव झांकली जाईल. मूल दिवस भरण्यापूर्वीं तीन आठवडे किंवा अधिक आधीं जन्मलें असेल तर तेंही सांगावें; दोन वर्षांपर्यंत तेवढे दिवस वयांतून वजा धरितात. पुष्कळ आया ही गोष्ट सांगत नाहींत, कारण ती विचारण्याचें कोणासही सुचत नाहीं.

कागद भरून झाल्यावर तो आईस वाचून दाखवावा. आम्हीं त्या दिवशीं हें केलें असतें तर “दोन-तीन शब्द बोलते: होय” हें तिच्या कानीं पडलें असतें, आणि कदाचित् ती म्हणाली असती, “भाऊ, तेवढें जरा थांबा.”

गुण कमी आले म्हणजे आजार ठरला असें समजण्याचें कारण नाहीं. एम-चॅटच्या सुधारलेल्या आवृत्तीची जी पाहणी २०१४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत प्रश्नावलीवर व मागाहून घेतलेल्या मुलाखतींतही ज्यांची काळजी वाटली, अशा मुलांपैकीं निम्म्याहून किंचित् कमी मुलांस स्वमग्नता आढळली. परंतु शंभरांतील सुमारें ९५ मुलांच्या वाढींत लक्ष घालण्याजोगें कांहीं ना कांहीं होतेंच. म्हणजे पुढें पाठविलें तें बहुतेकांच्या कामीं आलें.

पुढें पाठविलें याचा अर्थ जिल्ह्याच्या गांवीं, शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत जाणें. आणि खरी अडचण पुष्कळदां तेथेंच येते. दिवसाची मजुरी बुडते, एस्टीचें भाडें लागतें, दुसरें मूल कोणाजवळ ठेवावें हा प्रश्न पडतो, आणि मोठ्या इमारतींत कोणत्या खोलींत जावें हें आईस कळत नाहीं. एकदां जाऊन ती परत येते व पुन्हां जात नाहीं. मंडळीनें एका बाईस तिच्याबरोबर धाडलें व दोघींचें भाडें दिलें, तर हें काम फार मोठें नाहीं. कागदाची एक नक्कल किंवा फोनवर काढलेलें चित्र आईजवळ राहूं द्यावें. पथकाची पुढची तारीख अंगणवाडींत विचारली असतां कळते. त्या दिवशीं आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस गेलेली नसावी, इतकें आदल्या आठवड्यांतच पाहावें लागतें.